खाडाखोडीचा हिशेब : क्लॅट पुन्हा द्यायची की नाही, एका घरातला निर्णय

माझ्या भाचीनं क्लॅट, म्हणजे कायद्याच्या पदवीची प्रवेश परीक्षा, पुन्हा द्यावी की नाही, हा प्रश्न आमच्या घरात जून २०२४ मध्ये उभा राहिला आणि दसरा उलटेपर्यंत मिटला नाही. मी मुंबईच्या शहर दिवाणी न्यायालयात वकिली करते. त्यामुळे ‘मावशी सांगेल तसं करू’ म्हणत सगळ्यांनी तो माझ्या पदरात टाकला. गेल्या वर्षभरात ओळखीच्या पाच-सहा घरांतून हाच प्रश्न माझ्याकडे आला. प्रत्येकाला फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा आमचं प्रकरण एकदा नीट लिहून ठेवावं असं वाटलं. भाचीची परवानगी आहे. आकडे तिचेच आहेत, फक्त नाव लिहीत नाही.

ताईचं घर लालबागला. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या इमारतीत अकराव्या मजल्यावर एक खोली, स्वयंपाकघर आणि खिडकीलगतचा जेमतेम पलंगाएवढा कोपरा. भावोजी बेस्टमध्ये, तेव्हा निवृत्तीला साडेचार वर्षं उरली होती. धाकटा मुलगा त्याच जूनमध्ये दहावीत गेला. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, मग अकरावी-बारावी कला शाखा. वकील व्हायचं तिनं आठवीत ठरवलं होतं आणि ते बदललं नाही.

३ डिसेंबर २०२३ रोजी, बारावीत असताना, तिनं क्लॅट दिली. देशातल्या बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांचे प्रवेश या एका परीक्षेवर होतात. दिल्लीचं विद्यापीठ मात्र स्वतःची वेगळी परीक्षा घेतं. क्लॅट २००८ पासून सुरू आहे, आणि तिच्या वर्षी पेपरचा आकार नुकताच बदलला होता : आधीच्या १५० प्रश्नांऐवजी १२० प्रश्न, वेळ तोच, दोन तास. बरोबर उत्तराला एक गुण, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. सगळे प्रश्न उताऱ्यांवर, भाषा फक्त इंग्रजी. तिचं लक्ष होतं पवईचं महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. २०१४ च्या कायद्यानं स्थापन झालेलं, घरापासून तासाभरावर, आणि महाराष्ट्रातल्या अधिवासी मुलांसाठी राखीव जागा असलेलं. क्लासच्या सराव चाचण्यांत तिला सरासरी ७८ पडत होते. परीक्षेत आमच्या मोजणीप्रमाणे पडले ६२.७५. पवई तर सोडाच, मनासारखं कुठलंच विद्यापीठ त्या क्रमांकावर हाती लागलं नाही.

नंतर बारावीची बोर्डाची परीक्षा, मे महिन्यात राज्याची विधी सीईटी. ही सीईटी मराठीतही देता येते आणि तिच्यात चुकीला गुण कापत नाहीत. ती तिला बरी गेली. जूनमध्ये हाताशी काही नव्हतं, फक्त शक्यता होत्या. आणि घरात चार माणसांची चार मतं.

भावोजींचं मत : इंग्रजी कमी पडलं, मराठी माध्यमात घातलं ही माझी चूक, आता वर्ष घेऊ दे, पैशाचं मी बघतो. ताईचं मत : एका खोलीत एक दहावी आणि एक क्लॅट, मी दोघांना कुठं कुठं बसवू? क्लासवाल्यांचं मत : मुलगी ऐंशीच्या पुढची आहे, रिपीटर बॅचला घाला. आणि माझं मत, जे मी पहिल्याच दिवशी बोलून मोकळी झाले : दे परत. निर्धास्त दे.

माझ्या या मताबद्दल आधी लिहायला हवं, कारण तेच सगळ्यात कमी तपासलेलं होतं. मी शिकत होते तेव्हा क्लॅट नव्हती. बंगळुरूचं राष्ट्रीय विधी विद्यालय मात्र सुरू झालेलं होतं, त्याची स्वतंत्र प्रवेश परीक्षा होती आणि तिचं माहितीपत्रक मी कॉलेजच्या एका मैत्रिणीकडे पाहिलं होतं. वडिलांनी मुलीला एवढ्या लांब पाठवायला नकार दिला. त्या नकाराची बोच माझ्यात तीस वर्षं शिल्लक आहे, हे भाचीला ‘निर्धास्त दे’ म्हणताना मला जाणवलंच नाही. पहिल्यांदा जाणवलं ते दोन आठवड्यांनी, तिची प्रश्नपुस्तिका समोर आल्यावर.

कपाटावरची पुस्तिका

क्लॅटची प्रश्नपुस्तिका आणि ओएमआरची, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेची, कार्बन प्रत विद्यार्थ्याला घरी नेता येते. निकालानंतर बहुतेक मुलं ती परत उघडत नाहीत. तिनंही उघडली नव्हती. डिसेंबरपासून ती कपाटावर, जुन्या कॅलेंडरांच्या गुंडाळीखाली पडून होती. जूनच्या तिसऱ्या रविवारी आम्ही दोघी ती घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसलो. उत्तरतालिका, कार्बन प्रत, पुस्तिका आणि तीन रंगांची पेनं. सकाळी दहाला बसलो ते दिवेलागणीला उठलो.

आकडे आधी सांगते. १२० पैकी ७१ बरोबर, ३३ चूक, १६ सोडलेले. ७१ मधून ३३ चे पाव गुण, म्हणजे ८.२५, गेले की ६२.७५. इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत होतं. कुणालाच माहीत नव्हतं ते हे, की ३३ चुका कशा झाल्या.

हे पुस्तिकेवर दिसतं. ओएमआरवर पेननं गोल रंगवला की तो मिटत नाही, म्हणून मुलं आधी पुस्तिकेत बारीक खूण करतात आणि मग गोल रंगवतात. तिच्या पुस्तिकेत मला काही प्रश्नांपाशी दोन खुणा दिसल्या. पहिली आडव्या रेघेनं खोडलेली, दुसरी तिच्याशेजारी जोर देऊन मारलेली. अशा ठिकाणी पहिली खूण कुठल्या पर्यायावर होती ते आम्ही उत्तरतालिकेशी ताडून पाहिलं. तिसऱ्या पानावर एक सापडली. सातव्यावर दोन. बाराव्या पानावर पोचेपर्यंत तिचा हात थांबला होता. आठ प्रश्नांत पहिलं उत्तर बरोबर होतं आणि तिनं ते खोडून चुकीचं केलं होतं.

उरलेल्यांतले दोन प्रश्न म्हणजे निव्वळ घोटाळा : पुस्तिकेत बरोबर खूण, ओएमआरवर शेजारच्या ओळीतला गोल. पाच ठिकाणी ती दोन पर्यायांत अडकली आणि त्यांतला एक निवडला, तो चुकला. अकरा प्रश्नांची उत्तरं तिला ठाऊकच नव्हती.

आणि सात चुका विधी तर्काच्या विभागातल्या होत्या. या विभागात उतारा एक नियम सांगतो आणि तो दिलेल्या प्रसंगाला लावायचा असतो. कायदा पाठ असण्याची गरज नसते. उलट पाठ असलेला कायदा मध्ये येतो. समजा, उतारा म्हणतो की परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जागेत पाऊल टाकलं की अतिक्रमण झालं, हेतू कोणताही असो. आणि प्रसंगात एक मुलगा चेंडू आणायला कुंपणावरून उडी मारतो. उत्तर सरळ आहे : अतिक्रमण झालं. पण क्लासमध्ये तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४४१ शिकलेली मुलगी थबकते. फौजदारी अतिक्रमणाला हेतू लागतो हे तिच्या डोक्यात पक्कं असतं, म्हणून ती ‘झालं नाही’ असं उत्तर देते. हा प्रसंग मी माझ्या शब्दांत रचला आहे, पण त्या सात चुकांची जात हीच. मला एका गोष्टीचं फार वाईट वाटलं. या सातही ठिकाणी ती मेहनतीमुळे चुकली होती.

भावोजींनी ज्या इंग्रजीला दोष दिला होता त्या विभागात चुका किती? पाच. एकही प्रश्न सोडलेला नाही. मी ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावून एकेक प्रश्न मोजला, पुस्तिका मिटली आणि काही न बोलता गॅलरीत गेले. सहा महिने हा माणूस मुलीला मराठी शाळेत घातल्याचं ओझं वाहत होता. ते ओझं त्या पाचच्या आकड्यानं उतरलं. बाकी काही झालं नसतं तरी त्या रविवारचं सार्थक झालं असतं.

सोडलेल्या सोळांमध्ये नऊ गणिताचे होते. क्लॅटमधलं गणित दहावीच्या पातळीचं असतं, शेकडेवारी, गुणोत्तर, तक्ते. तिनं ते विभागच्या विभाग टाळले होते. चालू घडामोडींत बारा चुका आणि तीन सोडलेले.

आता बेरीज. बदललेले आठ, गोल चुकलेले दोन, विधी तर्काचे सात, असे सतरा प्रश्न ‘येत असून गेले’. चुकीचा प्रश्न बरोबर झाला की सव्वा गुण वाढतो. सतरा गुणिले सव्वा म्हणजे २१.२५. ६२.७५ मध्ये मिळवले की बरोबर ८४. हा आकडा ऐकताच ताईसुद्धा खुर्चीवर पुढे सरकून बसली.

बहुतेक घरं इथे थांबतात. मीही थांबले असते. पण साक्षीपुराव्याच्या कामात एक सवय लागते : आपल्या बाजूचा कागद वाचून झाला की उलटा करून पाहायचा. म्हणून मी तिला विचारलं, या ७१ बरोबर उत्तरांपैकी किती तुला खरंच येत होती? समासात जिथे प्रश्नचिन्ह करून तिनं ठोकून दिलं होतं ती आम्ही वेगळी काढली. सहा निघाली. डिसेंबरात नशिबानं दिलेले हे सहा पुढच्या वेळी मिळतीलच असं नाही. ते चुकीत गेले तर साडेसात गुण जातात. ८४ चे ७६.५ झाले. जे गमावलं ते मोजायचं आणि जे फुकट मिळालं ते विसरायचं, असा हिशेब आपण स्वतःच्या बाबतीत सर्रास करतो.

अंदाजानं उत्तर देणं चूक, असं मात्र यातून कुणी घेऊ नये. चार प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तर सरासरीनं एक बरोबर येतो आणि तीन चुकतात : एक गुण मिळतो, पाऊण जातो, पाव उरतो. दोन पर्यायांवर येऊन अडकलं असाल तर उत्तर द्यायलाच हवं. दोनांतलं एक बरोबर, एक चूक, पाऊण गुण हातात. त्यामुळे तिच्या त्या पाच चुकांना मी चुका म्हणतच नाही.

वर्ष म्हणजे किती महिने

दुसरी गोष्ट कॅलेंडरची. ‘वर्ष घेणं’ हा शब्द फसवा आहे. क्लॅट वर्षातून एकदाच होते, डिसेंबरच्या आसपास. जूनमध्ये ठरवलं तर हातात पाच महिने. परीक्षा झाली की प्रवेशापर्यंत पुन्हा सहा-सात महिने, त्यांत करायला काही नाही. म्हणजे एका वर्षाच्या किमतीत अभ्यासाचा वेळ पाचच महिने मिळतो. आणि मागच्या वर्षीचा क्रमांक पुढच्या वर्षी चालत नाही, तो तिथेच संपतो. पुन्हा बसताना खाली जाळी नसते.

क्लासनं मधला रस्ता सुचवला होता : कॉलेजला नाव घाला आणि सोबत तयारी करा. आमच्याकडे हे कितपत जमतं ते मी ज्युनिअर वकील मुलांकडून ऐकलेलं आहे. राज्याच्या विधी प्रवेशाच्या फेऱ्या पावसाळाभर रेंगाळतात, पहिलं सत्र उशिरा सुरू होतं आणि बरोबर क्लॅटच्या तोंडावर अंगावर येतं. बार काउन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे विधी अभ्यासक्रमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. शिवाय पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात मध्येच दुसऱ्या वर्षाला शिरता येत नाही. पुढे क्लॅट निघाली तर इथलं वर्ष सोडून तिथे पुन्हा पहिल्यापासून. दोन्ही डगरींवर पाय ठेवायचा तर हे आधी माहीत हवं.

एक शंका ताईनं काढली होती, वयाची. पूर्वी वीस वर्षांची अट होती, आता क्लॅटला कमाल वय नाही. तो प्रश्न तिथेच संपला.

पैशाचं बोलणं घरात कुणालाच नको होतं. मी ते मुद्दाम काढलं. राष्ट्रीय विद्यापीठात फी आणि राहणं मिळून वर्षाला काही लाख लागतात. चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयाची फी काही हजारांत आहे. १८५५ मध्ये सुरू झालेलं हे आशियातलं सर्वांत जुनं विधी महाविद्यालय. १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे प्राचार्य झाले. सीईटीतून तिथे नंबर लागायची आशा होती. आणि दोन्ही ठिकाणच्या पदवीवर वकिलीची सनद एकच मिळते : महाराष्ट्र आणि गोवा बार काउन्सिलकडे नोंदणी, नंतर अखिल भारतीय बार परीक्षा. राष्ट्रीय विद्यापीठात पुढे एलएलएमला जायचं असेल तर पदव्युत्तर क्लॅट आहेच. अठराव्या वर्षी दार बंद होत नाही.

असं असलं तरी दोन्ही सारखीच आहेत असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय विद्यापीठात पाच वर्षं निवासी शिक्षण, देशभरातले सोबती, मोठ्या लॉ फर्मची थेट कॅम्पसमधून भरती. हे खरं आहे आणि ज्याला ते हवं त्यानं त्यासाठी झटावं. प्रश्न एवढाच होता की हिला ते हवं आहे का.

तीन रविवार

सराव चाचण्यांतले ७८ आणि परीक्षेतले ६२.७५, या दोन्हींतला खरा आकडा कोणता? मी विचारलं, सराव कसा करायचीस? जेवणं आटोपली की रात्री नऊ-साडेनऊला, मोबाईलवर किंवा क्लासच्या संगणकावर. कागदावर? एकदाही नाही. परीक्षा असते दुपारी २ ते ४, छापील जाडजूड पुस्तिका, हातात बॉलपेन. दोन गोल चुकणं, पानं मागेपुढे करत खुणा बदलत राहणं, याचं मूळ इथे होतं.

मग आम्ही परीक्षाच मांडली. तिनं न सोडवलेले जुने १५० प्रश्नांचे पेपर मिळवले. प्रत्येक विभागातले काही उतारे कमी करून ते १२० वर आणले. कोर्टाजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून पाठपोट छापून पुस्तिका शिवून घेतल्या, ओएमआरच्या प्रती काढल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तळमजल्यावरचं ऑफिस दिलं. जुलैचे तीन रविवार, दुपारी दोनच्या ठोक्याला सुरू. बाहेर ढोल-ताशा पथकाचा सराव, वर करकरणारा पंखा. मी दाराशी खुर्ची टाकून बसायची.

एकच अट घातली होती : उत्तर बदलायचं असेल तर बदलण्याचं कारण समासात तीन शब्दांत लिहायचं. कारण सुचलं नाही तर पहिली खूण ठेवायची. पहिल्या रविवारी तिनं पाच उत्तरं बदलली, तिसऱ्या रविवारी दोन, आणि ती दोन्ही बरोबर ठरली.

गुण पडले ७४.५, ७१.२५ आणि ७७. सरासरी ७४.२५. म्हणजे आमचा उलटसुलट करून काढलेला ७६.५ चा अंदाज फार लांब नव्हता. जे आजार परीक्षेच्या दिवसाचे होते ते तीन रविवारांत बरे झाले, त्यांना वर्ष लागलं नाही. पण पवईच्या राज्य कोट्यातल्या आधीच्या प्रवेशांचे क्रमांक पाहून आमच्या हिशेबानं नव्वदीच्या आसपास पोचायला हवं होतं. उरलेले पंधरा-सोळा गुण कुठे होते तेही पुस्तिकेनंच सांगितलेलं : गणितात आणि चालू घडामोडींत. गणित पाच महिन्यांत होण्यासारखं. चालू घडामोडींना मात्र रोज वर्तमानपत्र वाचायची सवय लागते, आणि ती क्लासच्या मासिक संकलनानं येत नाही.

म्हणजे पुन्हा देण्यात अर्थ नव्हता असं नाही. वाट दिसत होती. ती तिला चालायची होती का, एवढं बघायचं राहिलं. त्यासाठी सहा आठवड्यांची वही केली. रोज सकाळी वर्तमानपत्रातली एक बातमी पाच ओळींत लिहायची आणि गणिताचे दहा प्रश्न. ४२ दिवसांपैकी निदान तीस दिवस वही भरली तर वर्ष घ्यायचं, हे आम्ही आधीच लिहून ठेवलं आणि भावोजींनी त्यावर सही केली. आधी लिहिणं महत्त्वाचं होतं. आकडा समोर आल्यावर अट ठरवायला बसलं की अट आकड्याकडे सरकते. दरम्यान नव्या क्लॅटचा फॉर्मही भरून टाकला. ४,००० रुपये गेले, पण दोन-तीन महिने विचाराला मिळाले. फॉर्म भरला म्हणजे निर्णय झाला असं मानायचं नाही, हे सगळ्यांना बजावलं.

वही भरली अकरा दिवस.

मी यावर तिला एका शब्दानं बोलले नाही, आणि हे लिहितानाही कुणी त्याचा अर्थ आळस असा लावू नये. त्याच सहा आठवड्यांत ती स्वतःहून नऊ वेळा माझ्यासोबत कोर्टात आली. मागच्या बाकावर बसून एका भाडेकरूच्या दाव्यातली उलटतपासणी तिनं दोन दिवस ऐकली आणि घरी येऊन सहा पानं लिहिली. त्यात एक प्रश्न होता, ‘वकिलांनी साक्षीदाराला तारीख दोनदा का विचारली?’ हा प्रश्न माझ्या कितीतरी ज्युनिअरना पडत नाही.

ऑगस्टच्या अखेरीस कोर्टातून परतताना चिंचपोकळीच्या पुलावर तिला थेट विचारलं. तुला पवई हवंय का? ती बराच वेळ खालच्या रुळांकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मावशी, खरं सांगू? मला ते दोन तास पुसून टाकायचेत. त्या हॉलमधून बाहेर आले तेव्हा बाबा गेटवर डबा घेऊन उभे होते. मी त्यांना छान गेला म्हणून सांगितलं. मला तो दिवस परत हवाय.”

ती काय मागते आहे ते मला तेव्हा कळलं, आणि मी तिला काय देऊ पाहत होते तेही. दोघींनाही मागे जाऊन एक दिवस दुरुस्त करायचा होता. तिचा २०२३ चा, माझा त्याच्याही तीस वर्षं आधीचा. त्यासाठी कुणी पाच महिने गणित सोडवत नाही, आणि सोडवू नये. मी तिला एवढंच म्हटलं, की बाबांना जाऊन खरं सांग. तेवढं केलंस तरी तो दिवस बराचसा पुसला जाईल.

तिनं त्याच रात्री सांगितलं. ताईनं मला फोनवर कळवलं, बाप-लेक अकरा वाजेपर्यंत गॅलरीत बसले होते म्हणून.

निर्णय आणि पुढचं

सीईटीच्या प्रवेशफेरीत तिचा नंबर चर्चगेटला लागला. दसऱ्यानंतरच्या रविवारी सगळे पुन्हा त्या टेबलाशी बसलो. तिनं स्वतः सांगितलं, मी वर्ष घेणार नाही. भावोजींनी एकच विचारलं, “माझ्या पगाराकडे बघून नाही ना म्हणत?” तिनं उत्तरादाखल सहीचा कागद पुढे सरकवला. तीसच्या जागी अकरा. ते हसले, पण त्यांना लागलं होतं ते दिसत होतं. त्यांच्या मनात पवईचं चित्र तिच्यापेक्षा जास्त पक्कं झालं होतं.

१ डिसेंबर २०२४ ला, रविवारी, नवी क्लॅट झाली. हॉल तिकीट आलेलं होतं, ती गेली नाही. दुपारी दोनला मी फोन केला तर भावाला भूमिती शिकवत होती.

त्या परीक्षेचं पुढे काय झालं ते कायद्याच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. उत्तरतालिकेवर आक्षेप आले. २० डिसेंबरला दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल पीठानं काही उत्तरं चुकीची ठरवली. वेगवेगळ्या उच्च न्यायालयांतल्या याचिका सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीत एकत्र केल्या. एप्रिल २०२५ मध्ये खंडपीठाचा निकाल आला, प्रकरण पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथला निकाल मे महिन्यात लागला. मुलांना पाच महिने आपला क्रमांक नेमका किती ते कळत नव्हतं. तेव्हा भावोजी म्हणाले, बघा, वाचलो. मी त्यांना तिथेच थांबवलं. ऑक्टोबरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यावरून आमचा निर्णय शहाणपणाचा ठरत नाही. उद्या एखादं वर्ष सुरळीत गेलं म्हणून तो चुकीचाही ठरणार नाही. ज्या कागदांवर तो घेतला ते पुस्तिका, तीन रविवार आणि वही एवढेच होते.

उलट निर्णय योग्य ठरला असता अशीही एक पुस्तिका मी त्यानंतर पाहिली. एका मुलाची शेवटची अठ्ठावीस उत्तरं कोरी होती. आधी कुठेही खाडाखोड नाही, आणि अंगात ताप घेऊन तो पेपरला बसला होता हे घरच्यांनी सांगितलं. त्याच्यासाठी मी तीन रविवार दाराशी बसले नाही, एकाच रविवारी त्याला पेपर सोडवायला दिला आणि म्हटलं, बस परत.

भाची आता तिच्या वर्गासोबत पुढच्या वर्गात गेली आहे. सुट्टीत माझ्याकडे काम करते. दावा दाखल करायला जाताना न्यायालय शुल्काचा हिशेब दोनदा तपासते आणि दुसऱ्यांदा बदलायचा झाला तर शेजारी कारण लिहिते. ती पुस्तिका तिनं मला देऊन टाकली आहे. माझ्या ऑफिसच्या खणात असते. कुणी मुलं आली की तीच म्हणते, मावशी, बारावं पान दाखव त्यांना. गेल्या रविवारी आलेल्या मुलीनं मात्र स्वतःची पुस्तिका आणलीच नव्हती, रद्दीत गेली म्हणाली. आम्ही तिला पहिल्यांदा झेरॉक्सवाल्याकडे पाठवलं, १२० प्रश्नांची नवी पुस्तिका शिवून आणायला.